किरणांची मर्यादा



गेल्या श्रावणांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. शाळेंत असतांना प्रयोगाचा तास संपला म्हणजे परीक्षानळ्या धुण्याचें काम तो आपण होऊन अंगावर घेई. आतां तो पुण्यांतील एका रुग्णालयांत क्ष-किरणांचे फोटो काढण्याचें काम करतो. कामावरून तो परस्परच आला होता आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशाला एक लहानशी चपटी डबी लटकत होती.

“हें काय रे?” मीं विचारलें.

“बॅज, सर. अंगावर किरण किती पडले तें मोजणारा. खरें म्हणजे काम संपलें कीं हा तेथेंच ठेवावयाचा असतो. आज गडबडींत विसरलों.” मग थोडा वेळ तो गप्प राहिला आणि म्हणाला, “यापूर्वीं मी ज्या ठिकाणीं नोकरीला होतों, तेथें वरची मंडळी सांगत, काम फार असेल त्या दिवशीं बॅज खणांत ठेवीत जा. आंकडा वाढला कीं चौकशी येते, कामावरून दूर ठेवतात, वरचे चार पैसे बुडतात. मींहि दोन वर्षें तसेंच केलें. कागदावर माझी नोंद शून्याच्या आसपास आहे. आतां घरांत मूल येणार आहे. बायको विचारते, तुमच्या अंगावर किती किरण पडले असतील? मला सांगतां येत नाहीं, सर.”

मलाहि त्या दिवशीं कांहीं सांगतां आलें नाहीं. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि तींतच केस पिकले. परंतु विद्यार्थ्याच्या ज्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत देतां आलें नाहीं, तें घरीं येऊन शोधावयाचें, ही संवय अजून सुटलेली नाहीं. किरणांची मर्यादा कोणी ठरविली, कशी ठरविली, आणि तो एवढासा बॅज खणांत ठेवला तर नेमकें काय बिघडतें, याचा मीं जो शोध घेतला तोच आज आपणांपुढें मांडणार आहें.

प्रारंभ वुर्झबुर्ग या जर्मन शहरांत झाला. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं तेथील प्राध्यापक राँटजेन यांना हे अदृश्य किरण प्रथम आढळले. मांसाच्या आड दडलेलें हाड जिवंत माणसाच्या देहांत दिसूं लागलें, तेव्हां सगळें जग थक्क झालें. आणि कौतुकाच्या भरांत जो तो आपलाच हात या किरणांपुढें धरून पाहूं लागला. अमेरिकेंत एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत क्लॅरेन्स डॅली नांवाचा एक साहाय्यक होता. नळी नीट चालते कीं नाहीं हें तो रोज स्वतःच्या हातावर पाहत असे. हातांची कातडी भाजल्यासारखी झाली, व्रण झाले, पुढें हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं तो मरण पावला. हांबुर्ग येथें १९३६ सालीं अशा बळी पडलेल्या डॉक्टरांचें व तंत्रज्ञांचें एक स्मारक उभारण्यांत आलें. त्यावर दीडशेंहून अधिक नांवें प्रथमच कोरावीं लागलीं.

हीं माणसें अडाणी नव्हतीं. मग तीं फसलीं कशानें? विस्तवाला हात लागला तर हात आपोआप मागें येतो. वेदना ही निसर्गानें दिलेली राखणदार आहे. या किरणांच्या बाबतींत ही राखणदार जागेवर नसते. किरण अंगांतून जातात तेव्हां कांहींच कळत नाहीं. कातडी लाल होते ती कित्येक दिवसांनीं, आणि कर्करोग उद्भवला तर तो कित्येक वर्षांनीं. जें इंद्रियांना कळत नाहीं तें यंत्रानेंच मोजलें पाहिजे. किरणांपासून संरक्षणाचें सारें शास्त्र या एका गोष्टींतून निघालें आहे.

पण मोजावयाचें तरी कसें? आरंभीं दुसरें माप नव्हतें म्हणून कातडी लाल होणें हेंच माप मानीत. १९२५ सालीं अमेरिकेंत मुत्शेलर नांवाच्या गृहस्थांनीं सुचविलें कीं, कातडी लाल होण्यास जेवढे किरण लागतात त्यांच्या शंभराव्या हिश्शाहून अधिक किरण महिन्याभरांत कामगाराच्या अंगावर पडूं नयेत. अंकरूपानें मांडलेली ही पहिल्या मर्यादांपैकीं एक. पुढें १९२८ सालीं स्टॉकहोम येथें क्ष-किरणतज्ज्ञांची परिषद भरली, तींत राँटजेन हें मापाचें एकक मान्य झालें आणि संरक्षणाचे नियम सुचविणारी एक आंतरराष्ट्रीय समिति नेमली गेली. तीच समिति आज किरणसंरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग या नांवानें ओळखली जाते.

या समितींत रोल्फ सिव्हर्ट नांवाचे एक तरुण स्वीडिश पदार्थविज्ञानवेत्ते होते. १८९६ सालीं स्टॉकहोम येथें सधन घराण्यांत त्यांचा जन्म झाला. वडिलांचा विजेच्या तारांचा मोठा कारखाना होता; मनांत असतें तर त्यांना स्वस्थ बसून खातां आलें असतें. परंतु तेथील रेडियम-रुग्णालयांत त्यांनीं मापणीची प्रयोगशाळा चालविली, सूक्ष्म किरणमात्रा मोजणारीं उपकरणें बनविलीं, आणि देशांतील रुग्णालयांत कोणतें यंत्र किती किरण सोडतें हें मोजण्याचें कंटाळवाणें काम वर्षानुवर्षें केलें. त्यांत कीर्ति नव्हती. रोगी बरा झाला तर यश डॉक्टरांचें. आणि तंत्रज्ञाला जो कर्करोग झालाच नाहीं त्याचें श्रेय कोण कोणाला देणार? पुढें ते त्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६६ सालीं त्यांचा अंत झाला आणि १९७९ मध्यें जगानें किरणमात्रेच्या एककाला त्यांचें नांव दिलें. सिव्हर्ट हें एकक फार मोठें आहे. व्यवहारांत त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसिव्हर्ट, वापरतात. माझ्या विद्यार्थ्याच्या नोंदींत जो आंकडा येतो तो याच मापाचा.

आतां या मर्यादेचा प्रवास पाहा. १९३४ सालीं दिवसाला राँटजेनचा पांचवा भाग एवढी मोकळीक होती. वर्षाचा हिशेब केला तर आजच्या मापानें ती पांचशें मिलिसिव्हर्टहून अधिक भरते. १९५० सालीं ती आठवड्याला राँटजेनच्या तीन-दशांशावर आली, म्हणजे वर्षाला सुमारें दीडशें. त्याच दशकाच्या अखेरीस ती पन्नासच्या घरांत आली. १९९० सालीं आयोगानें वर्षाला सरासरी वीस मिलिसिव्हर्ट ही मर्यादा सुचविली. साठ वर्षांच्या आंत मर्यादा पंचवीस पटींहून अधिक खालीं आली.

एखादा श्रोता म्हणेल, म्हणजे आधींची मर्यादा चुकीची होती तर! एका अर्थीं होय. पण यांतलें मर्म निराळें आहे. किरणांचे अपाय दोन प्रकारचे. पहिला भाजण्यासारखा : ठराविक मात्रेच्या खालीं तो होतच नाहीं, त्या मात्रेच्या वर होतो. दुसरा सोडतीसारखा : मात्रा जितकी अधिक तितकीं तिकिटें अधिक, आणि तिकिटें जितकीं अधिक तितका कर्करोगाचा संभव अधिक. हिरोशिमा व नागासाकी येथें १९४५ सालीं पडलेल्या बाँबमधून जे लोक वांचले, त्यांच्या प्रकृतीची दशकानुदशकें पाहणी झाली, तेव्हां हा दुसरा अपाय नीट उलगडत गेला. अगदीं थोड्या मात्रेलाहि थोडा तरी संभव चिकटलेला आहे असें धरून चालावें, असें शहाण्यांनीं ठरविलें. त्यामुळें ही मर्यादा निसर्गानें आंखलेली नाहीं. अमक्या आंकड्याच्या अलीकडे सुखरूपता आणि पलीकडे विनाश, असें नसतें. इतका धोका एका माणसावर लादणें समाजाला मान्य आहे, याहून अधिक नाहीं, असा तो माणसांनीं माणसांशीं केलेला करार आहे. म्हणूनच मर्यादेच्या आंत आहों एवढ्यावर समाधान मानूं नये, साधेल तितकी मात्रा आणखी कमी करावी, हाहि नियमाचाच भाग आहे.

हा झाला परदेशचा इतिहास. आतां आपल्या घरीं येऊं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रॉम्बे येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. आशियांतील ती पहिली. रुग्णालयांतील क्ष-किरणयंत्राची कळ बंद केली कीं किरण थांबतात. अणुभट्टींतून निघालेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांना कळ नसते. तीं हवेंतून, पाण्यांतून, अन्नांतून माणसाच्या देहांत शिरूं शकतात. म्हणून भट्टीबरोबरच तिच्यावर पहारा ठेवणारें एक शास्त्र ट्रॉम्बेस उभें राहिलें. त्याला तेथें सारे हेल्थ फिजिक्स म्हणतात. आपण आरोग्य-पदार्थविज्ञान म्हणूं.

या विभागाचे धुरीण डॉ. ए. के. गांगुली. ते रसायनवेत्ते. पाण्यांतून किरण गेला म्हणजे त्याच्या वाटेवर कोणत्या घडामोडी होतात, या विषयावर मॅगी या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध १९५६ सालीं प्रसिद्ध झाला होता. आपल्या देहांतील मोठा भाग पाण्याचाच, तेव्हां हा विषय देहापासून दूर नव्हता. ट्रॉम्बे येथें त्यांनीं तरुणांची एक पिढी या कामीं तयार केली. तारापूर येथें १९६९ सालीं अणुवीज निर्माण होऊं लागली; परंतु त्या परिसरांतील माती, पाणी, मासळी व धान्य यांची तपासणी भट्टी पेटण्यापूर्वींच सुरू झालेली होती. कारण उघड आहे. पूर्वीं काय होतें हें ठाऊक नसेल, तर पुढें काय वाढलें हें सांगणार कसें? डॉक्टर औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो, तसेंच हें.

याच परंपरेंतले एक मराठी शास्त्रज्ञ म्हणजे एस. डी. सोमण. त्यांचें एक काम आपल्या स्वयंपाकघराशीं जोडलेलें आहे. १९६९ सालीं त्यांनीं व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडील माणसाच्या रोजच्या आहारांतून कोणतीं मूलद्रव्यें किती प्रमाणांत शरीरांत जातात, हा त्याचा विषय. किरणांच्या शास्त्रज्ञाला भाकरी-आमटीशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. तर ऐका.

शरीर हें वाण्याच्या दुकानासारखें चोखंदळ नसतें. स्ट्राँशियम हें मूलद्रव्य गुणधर्मानें कॅल्शियमचें भावंड आहे. म्हणून किरणोत्सर्गी स्ट्राँशियम पोटांत गेलें कीं शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत नेऊन ठेवतें. सीझियम हें पोटॅशियमच्या वाटेनें स्नायूंत जातें. आयोडीन गळ्यांतील ग्रंथींत सांठतें. आतां ज्याच्या आहारांत दूधदुभतें भरपूर त्याचीं हाडें कॅल्शियमनें तृप्त असतात. ज्याच्या ताटांत मुख्यतः धान्य, त्याचा हिशेब वेगळा पडतो. परंतु आंतरराष्ट्रीय नियम ज्या नमुनेदार माणसावर बेतले होते, तो १९७५ च्या आयोगाच्या ग्रंथांतहि पाश्चात्य देशांत राहणारा, वीस-तीस वर्षांचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष होता. आपला कामगार सत्तर किलोचा नव्हता आणि त्याचें ताटहि तें नव्हतें. दुसऱ्याच्या अंगाला शिवलेला सदरा आपल्या अंगावर कसा बसतो हें घालून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. म्हणून आपली मंडळी आपलें ताट मोजूं लागली. केरळच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त वाळूमुळें निसर्गतःच किरण अधिक आहेत. तेथील वस्तीची पाहणीहि अशीच झाली. उसना आंकडा घ्यावयास हरकत नाहीं, पण तो घरीं मोजून पाहावा, हा धडा मला या पिढीच्या कामांत दिसतो.

पुढें १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं केंद्र सरकारनें अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन केलें. भट्टी चालविणारा व भट्टीवर नियम बसविणारा एकच नसावा, हा त्यामागील विचार. या मंडळाचे दुसरे अध्यक्ष म्हणजे हेच सोमण. नव्वदाच्या दशकाच्या आरंभीं तीं सूत्रें त्यांच्या हातीं होतीं, आणि नेमकें तेव्हांच आंतरराष्ट्रीय आयोगानें मर्यादा खालीं आणली. आयोगाचें म्हणणें असें कीं, पांच वर्षांत मिळून शंभर मिलिसिव्हर्टहून अधिक नको, मात्र कोणत्याहि एका वर्षीं पन्नासपर्यंत चालेल. आपल्या मंडळानें ही मर्यादा क्रमाक्रमानें खालीं आणली आणि पांच वर्षांत शंभर ही अट तशीच घेतली. परंतु एका वर्षाची कमाल मर्यादा पन्नास न ठेवतां तीस ठेवली.

पन्नास आणि तीस यांतला फरक कागदावर लहान दिसतो. कामगाराच्या दृष्टीनें तो मोठा आहे. वर्षाला पन्नासची मुभा असली, तर दुरुस्तीच्या अवघड कामासाठीं त्याच त्या माणसांना दोन वर्षें राबवून त्यांची पांच वर्षांची शिदोरी संपवितां येते. मग तीं माणसें पुढें बसून राहतात किंवा काम सोडून जातात. तीसच्या मर्यादेनें व्यवस्थापकाला आधींच विचार करावा लागतो : भिंत जाड करतां येईल काय, काम लवकर उरकेल असें हत्यार बनवितां येईल काय, दुरून काम होईल काय? मर्यादेचा खरा उपयोग माणसाला अडविण्यांत नाहीं; काम करण्याची रीत सुधारावयास लावण्यांत आहे. अंतर वाढवा, वेळ कमी करा, आड भिंत घाला, हीं तीन सूत्रें या शास्त्रांतल्या लहानथोरांच्या तोंडीं असतात.

आणि आतां त्या बॅजकडे वळतों. पूर्वीं अशा बॅजमध्यें फोटोची फिल्म असे. किरण पडले कीं ती काळवंडे. आपल्या हवेंतील उष्मा व दमटपणा फिल्मला मानवत नाहीं. १९७५ पासून ट्रॉम्बे येथें तयार झालेला नवा बॅज प्रचारांत आला. त्यांत तीन लहान चकत्या असतात. त्या कशाच्या म्हणाल, तर मुख्यतः कॅल्शियम सल्फेटच्या, किंचित् डिस्प्रोशियम मिसळून टेफ्लॉनमध्यें बसविलेल्या. हें वाचलें तेव्हां मला हसूं आलें. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम. फळ्यावर लिहावयाचा खडू बहुधा त्याचाच होतो. जन्मभर ज्या पदार्थानें बोटें पांढरीं झालीं, तोच पदार्थ माझ्या विद्यार्थ्याच्या छातीवर राखण करीत होता!

त्याचें काम असें चालतें. किरण चकतींत शिरला कीं त्याच्या शक्तीचा कांहीं भाग स्फटिकांतल्या बारीक बारीक खांचांत अडकून पडतो आणि महिनोन्महिने तसाच राहतो. तीन महिन्यांनीं बॅज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत जातो. तेथें चकती तापवितात. तापतांच अडकलेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. प्रकाश जितका अधिक, तितके किरण अधिक पडले होते असें समजावयाचें. तीन चकत्यांवर निरनिराळीं आवरणें असतात, त्यांवरून किरण कोणत्या जातीचे होते याचाहि अंदाज येतो. हा आंकडा त्या त्या माणसाच्या नांवें नोंदवून ठेवतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. बॅज किरणांना अडवीत नाहीं. अडविण्याचें काम भिंतीचें आणि शिशाच्या एप्रनचें. बॅज हा साक्षीदार आहे. एप्रनच्या आंत, छातीच्या उंचीवर तो लावावयाचा. दुसऱ्याला द्यावयाचा नाहीं. काम संपल्यावर किरणांपासून दूर, ठरलेल्या जागीं ठेवावयाचा. तो खणांत राहिला तर किरण कमी पडत नाहींत, साक्ष मात्र नाहींशी होते. आणि साक्ष नाहींशी झाली म्हणजे केवळ एका माणसाचा तोटा होत नाहीं. त्या खोलीची भिंत पातळ आहे, यंत्र गळतें आहे, कामाचा बोजा फार आहे, हें ज्या आंकड्यानें उघडकीस यावयाचें, तो आंकडाच खोटा होतो. पुढें त्या जागीं येणारा माणूस तोच धोका न कळत अंगावर घेतो. भत्ता बुडूं नये म्हणून बॅज खणांत ठेवावयास सांगणारे लोक दुष्ट असतील असें मी म्हणत नाहीं. परंतु पाहणाऱ्याचे डोळे बांधून ते वाट चालावयास सांगत होते.

नोंद हरवली म्हणजे काय होतें, याचें एक दारुण उदाहरण २०१० सालीं दिल्लींत घडलें. एका विद्यापीठांतील किरण देणारें जुनें यंत्र कित्येक वर्षें वापराविना पडून होतें. त्यांत किरणोत्सर्गी कोबाल्ट अजून जिवंत आहे याचें भान न राहतां तें लिलांवांत गेलें आणि मायापुरीच्या भंगारबाजारांत फोडलें गेलें. भंगाराचें काम करणाऱ्यांना त्या धातूची बाधा झाली आणि एकाचा बळी गेला. त्या बिचाऱ्यांच्या छातीवर बॅज नव्हता, आणि ज्यांच्यापाशीं कागद असावयास हवा होता त्यांच्या स्मरणांतून यंत्र गेलें होतें.

आपल्या राखणीच्या व्यवस्थेंत सर्व कांहीं ठाकठीक आहे असेंहि समजूं नये. २०१२ सालच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत असें नमूद आहे कीं, देशांतील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरणस्थळांपैकीं केवळ ५,२७० स्थळांची नियामक मंडळाकडे नोंद होती. त्यानंतर संगणकाच्या साहाय्यानें परवाने देण्याची पद्धति आली आणि काम पुढें सरकलें. तरी नियम उत्तम असणें ही एक गोष्ट आणि तो गल्लींतल्या क्ष-किरणखोलीपर्यंत पोंचणें ही दुसरी, हें त्या आंकड्यांवरून ध्यानांत येतें.

मग आपण घरच्या माणसांनीं काय करावें? प्रथम, भिऊं नये. निसर्गांतूनच, माती, हवा, अन्न व आकाश यांतून, जगांतील प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळत असते. छातीचा साधा क्ष-किरण फोटो काढला तर मिलिसिव्हर्टचा दहावा भागहि पडत नाहीं. छातीचा वा पोटाचा सी. टी. स्कॅन मात्र कित्येक मिलिसिव्हर्टचा असतो. कामगाराला मर्यादा आहे. सर्वसाधारण नागरिकासाठीं, अशा कामांपासून वर्षाला एक मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. पण रोग्याला स्वतःच्या तपासणीकरितां मर्यादा घातलेली नाहीं. कारण त्याच्या बाबतींत प्रश्न निराळा असतो : या फोटोनें उपचाराला उपयोग होणार आहे कीं नाहीं? होणार असेल तर भीतीपोटीं तो टाळणें हा वेडेपणा. होणार नसेल, तर शेजाऱ्यांनीं केला म्हणून आपणहि स्कॅन करून घेणें हाहि वेडेपणाच. पूर्वींचे फोटो जपून ठेवावे व डॉक्टरांस दाखवावे, म्हणजे तोच फोटो पुन्हां काढावा लागत नाहीं. गरोदर स्त्रीनें, किंवा तशी शंका असली तरी, तें आधींच सांगावें. कळ दाबण्याच्या वेळीं नातलगांनीं खोलींत गर्दी करूं नये. लहान मुलाला धरण्यावांचून गत्यंतर नसेल तर शिशाचा एप्रन मागून घ्यावा. आणि त्या खोलींत परवाना लावलेला आहे काय, एवढें विचारावयास संकोच मानूं नये.

आतां माझ्या विद्यार्थ्याचें सांगून आटोपतें घेतों. दुसऱ्या खेपेस तो आला तेव्हां मीं त्याला मला समजलें तेवढें सांगितलें. क्ष-किरण अंगांतून जातात, अंगांत सांठून राहत नाहींत. तेव्हां बाळाला जवळ घेण्यांत कसलीहि भीति नाहीं. नीट बांधलेल्या भिंतीआड उभें राहून फोटो काढणाऱ्याची मात्रा बहुधा अल्पच असते. “पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे,” मी म्हणालों. “तुमच्याकडे किरणसुरक्षेचा अधिकारी असेल. त्याला खरें तें सांग.”

तें सांगणें त्याला सोपें गेलें नाहीं. पंधरा दिवस त्यानें टाळाटाळ केली. शेवटीं गेला. त्या अधिकाऱ्यानें रागें न भरतां त्याला बसवून घेतलें. रोज किती फोटो निघत, यंत्र कसलें होतें, हा कोठें उभा राही, आड काय होतें, हें सारें विचारून हिशेब मांडला. मग एक दिवस तो सायंकाळीं घरीं आला आणि म्हणाला, “सर, मर्यादेच्या पुष्कळ खालीं निघालें. पण साहेब म्हणाले, हा अंदाज आहे, माप नव्हे. तीं दोन वर्षें आतां कोणालाहि मोजून देतां येणार नाहींत.”

त्याच्या खिशाकडे माझी नजर गेली. तेथें बॅज नव्हता. मीं कांहीं विचारण्याच्या आधींच तो हसून म्हणाला, “तेथेंच ठेवून आलों, सर. त्याच्या जागेवर.”

मीं चाळीसएक वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. कोणाला शून्य द्यावें लागलें तर हात जड होत असे. पण ज्यानें पेपरच दिला नाहीं त्याच्या नांवापुढें शून्य लिहीत नसत. गैरहजर असें लिहीत. त्या दोन वर्षांपुढें खरें म्हणजे तोच शेरा पडावयास हवा होता.